शिर सलामत तर टोप्या पन्नास!



स्नेहसंमेलनातील 'चित्रविचित्र टोप्यांची फेरी' पुढच्या वर्षी ठेवावी की बंद करावी, यावर सध्या पालकांत दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की पुठ्ठा, थर्माकोल आणि चमकीवर पैसा जातो, आयांची रात्रीची झोप जाते आणि शेवटी हाती काय उरते, तर एक फोटो. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की बारा महिने घोकंपट्टी आहेच, वर्षातून एक संध्याकाळ तरी मुलांना खदखदून हसू द्या. दोन्ही तटांत समजूतदार माणसे आहेत, म्हणूनच वाद मिटत नाही.

या वादात तिसरे मत मांडण्याची परवानगी असावी. फेरी बंद करू नये, पण आहे तशीच चालूही ठेवू नये. टोपी डोक्यावर चढण्याआधी तिला एक प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर आकड्यात काढावे. एवढे केले की हसणेही राहते आणि विज्ञानाच्या तासाला जे काम महिनाभर होत नाही, ते अर्ध्या तासात होते.

आपल्या इंदूरला टोप्यांचे वावडे कधीच नव्हते. रंगपंचमीच्या गेरमध्ये राजवाड्यासमोर नुसती नजर फिरवली तरी शिंगांच्या, झिपऱ्यांच्या, चमचमणाऱ्या डझनभर टोप्या दिसतात. त्या बघून मुले जे प्रश्न विचारतात, ते खरे तर पदार्थविज्ञानाचे असतात. 'ही टोपी घालून उडता येईल का?' 'छत्रीची टोपी घालून गच्चीवरून उडी मारली तर?' आपण मोठी माणसे मात्र 'काहीतरीच काय विचारतोस!' म्हणून मोकळे होतो. चला, आज जरा 'काहीतरीच' विचारू या.

भिरभिऱ्याची टोपी

पहिला मान भिरभिऱ्याच्या टोपीचा. गोल टोपी आणि शेंड्यावर फिरणारे पाते. या टोपीचे श्रेय अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या रे नेल्सन नावाच्या मुलाला दिले जाते. १९४७ साली तो शाळेत होता आणि विज्ञानकथांचा वेडा होता. पुढे तो स्वतःच विज्ञानकथालेखक झाला. म्हणजे चित्रविचित्र टोपी करणारे मूल वाया जातेच असे नाही, हे पहिल्या तटाने कृपया टिपून ठेवावे.

आता प्रश्न असा की ही टोपी घालून सहावीतला मुलगा उडेल का? न्यूटनचा तिसरा नियम आपल्या मुलांना पाठ आहे. झोपेतून उठवून विचारले तरी 'क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध' म्हणून दाखवतील. पण तो नियम टोपीला लावून पाहायला त्यांना कोणी सांगितलेले नसते. लावून पाहू.

मुलाचे वजन ४० किलो धरू आणि पाते २० सेंटिमीटर व्यासाचे. वर राहायचे तर पात्याने हवा खाली ढकलली पाहिजे. एवढ्याशा पात्यातून फार हवा जात नाही, म्हणून जी जाते ती भयंकर वेगाने फेकावी लागेल. हिशेब केला तर दर सेकंदाला सुमारे पावणेतीन किलो हवा ताशी ५२० किलोमीटर वेगाने खाली फेकावी लागते. त्यासाठी लागणारी शक्ती २८ किलोवॅट, म्हणजे ३८ अश्वशक्ती होते. पूर्वी घरोघरी असलेल्या मारुती ८०० गाडीचे इंजिन जवळपास एवढ्याच शक्तीचे होते. म्हणजे मुलाच्या डोक्यावर अख्ख्या मोटारीचे इंजिन बसवायचे, आणि त्या इंजिनाचे वजन आपण हिशेबात धरलेलेच नाही!

बाजारातल्या टोपीच्या मोटरची शक्ती एक वॅट धरली, तर त्या शक्तीत हे पाते फार तर ४३ ग्रॅम उचलेल. आणि चांगल्या प्रतीचे दोन पेन्सिल सेलच ४५ ग्रॅमच्या घरात जातात. बिचारी टोपी मुलाला काय उचलणार, तिला स्वतःचे सेलसुद्धा उचलवत नाहीत.

गंमत अशी की उत्तर 'नाही' आले म्हणून प्रश्न संपत नाही. पाते मोठे केले तर काय होईल? जास्त हवा सावकाश ढकलता येईल आणि शक्ती कमी लागेल. पात्याचा व्यास ८ मीटर केला तर तोच मुलगा साधारण एका अश्वशक्तीत वर राहील, निदान कागदावर तरी. हेलिकॉप्टरची पाती एवढी लांबलचक का असतात, ते इथे आपोआप कळते. २०१३ साली कॅनडातल्या एका गटाने 'ॲटलस' नावाचे यंत्र केले. त्याला इंजिन नव्हते, एक माणूस सायकलसारखी पायडल मारत होता. चार पंखे, प्रत्येकाचा व्यास सुमारे २० मीटर. तो माणूस ६४ सेकंद हवेत राहिला आणि ३ मीटरहून अधिक उंच गेला. त्यासाठी १९८० साली जाहीर झालेले सिकॉर्स्की पारितोषिक तेहतीस वर्षांनी मिळाले. म्हणजे माणूस स्वतःच्या बळावर उडू शकतो, फक्त त्याची टोपी शाळेच्या मैदानात मावायला हवी!

एक अडचण अजून शिल्लक आहे. पाते एका दिशेने फिरले की खालचा मुलगा उलट्या दिशेने फिरू लागणार. टोपी उजवीकडे आणि चिरंजीव डावीकडे, भोवऱ्यासारखे. हेलिकॉप्टरच्या शेपटीला छोटा पंखा असतो तो यासाठीच. सिकॉर्स्कीचे तसे हेलिकॉप्टर १९३९ साली पहिल्यांदा जमिनीवरून उचलले गेले. आपल्या मुलाला शेपूट कुठे बसवायची, हा प्रश्न चित्रकलेच्या बाईंकडे सोपवू. आणि हे सारे जमले तरी चाळीस किलोचा भार हनुवटीखालच्या इलॅस्टिकवर येणार, हे विसरू नका. शिर सलामत तर पगडी पचास!

छत्रीची टोपी

इथे मात्र जरा गंभीर होऊ. छत्रीची टोपी दिसायला सगळ्यांत निरुपद्रवी, पण तिच्याविषयी मुलांच्या मनात जी कल्पना असते ती सगळ्यांत धोक्याची. कार्टूनमध्ये छत्री उघडली की पात्र तरंगत खाली येते. मुलांना ते खरे वाटते. 'असे करायचे नसते' एवढे सांगून भागत नाही, कारण का करायचे नसते ते आपण सांगत नाही.

कारण असे आहे. पहिल्या मजल्यावरची गॅलरी साडेतीन मीटर उंच धरू. तिथून पडणारी वस्तू जमिनीवर ताशी ३० किलोमीटर वेगाने आदळते. आता ६० सेंटिमीटर व्यासाची छत्री-टोपी घातली तर हा वेग किती कमी होईल? ताशी ३० च्या जागी साडेएकोणतीस. बस्स, एवढाच फरक! तेही छत्री उलटी झाली नाही तर. हवेचा रोध छत्रीच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो, आणि एवढ्या थोड्या उंचीवर दोन्ही अपुरे पडतात. चाळीस किलोच्या मुलाला सेकंदाला पाच मीटर एवढ्या बेताच्या वेगाने खाली आणायचे तर सुमारे ५ मीटर व्यासाची छत्री हवी, म्हणजे दोनशे चौरस फूट कापड. एका मोठ्या बैठकीच्या खोलीएवढे. आणि तेवढे करूनही जमिनीवर टेकताना बसणारा दणका सव्वा मीटर उंच ओट्यावरून उडी मारल्याइतका असतो.

हा हिशेब सातवी-आठवीतल्या मुलाला समजतो. ज्याने तो एकदा स्वतः केला, त्याला गॅलरीच्या कठड्यापाशी 'खबरदार!' म्हणून ओरडावे लागत नाही. नुसती भीती दोन दिवस टिकते. स्वतः काढलेला आकडा जन्मभर पुरतो.

दोन बाटल्यांची टोपी

डोक्याच्या दोन्ही बाजूंना सरबताच्या दोन बाटल्या आणि तिथून तोंडापर्यंत आलेली नळी, अशीही एक टोपी मिळते. आळशीपणाची हद्द, असे आजी म्हणतील. पण यात वक्रनलिकेचा, म्हणजे सायफनचा, संपूर्ण धडा आहे. बाटली तोंडाहून वर असते. एकदा नळी ओढून भरली की पुढे ओढावे लागत नाही, सरबत आपले आपण येत राहते. तोंड मिटले नाही तर ते गणवेशावर येते, हे प्रात्यक्षिक कोणत्याही पुस्तकातल्या आकृतीपेक्षा जास्त लक्षात राहते. वर्गातल्या रॉकेलच्या पिंपाच्या आकृतीला जी मुले जांभया देतात, ती या टोपीसमोर डोळे विस्फारून उभी राहतील.

एकाच बाटलीतले प्यायले तर? टोपी दुसऱ्या बाजूला कलते. तो तराजूचा धडा झाला. आणि सरबताऐवजी सराफ्यातली आपली इंदुरी शिकंजी भरली तर? घट्ट दूध, त्यात सुकामेवा... नळीत बदामाचा तुकडा अडकला की सायफनचा खेळ आटोपला. द्रवाची श्यानता म्हणजे काय, हे सांगायला इंदूरच्या गुरुजींना याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. मुले उदाहरण पितीलही!

उन्हातला पंखा

टोपीच्या पुढच्या झडपेवर चिमुकला पंखा आणि वर सूर्यप्रकाशावर चालणारी पट्टी. ही टोपी बघून मोठी माणसे हसतात, 'मे महिन्यात हा पंखा गरम हवाच मारणार ना?' म्हणतात. प्रश्न योग्य आहे. उत्तर मात्र तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरते.

पट्टी ५ बाय ६ सेंटिमीटरची धरली तर भर दुपारी तिच्यावर तीन वॅट ऊन पडते आणि त्यातून जेमतेम अर्धा वॅट वीज मिळते. अर्ध्या वॅटने हवा थंड होत नाही. पण घाम वाळतो. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातली सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. पंख्यामुळे मिनिटाला पाव ग्रॅम घाम जरी जास्त वाळला तरी दहा वॅटची थंडाई झाली. अर्ध्या वॅटच्या भांडवलावर दहा वॅटचा नफा, असा धंदा आपल्या सीतलामाता बाजारातही कोणी करत नसेल. मात्र हा नफा माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यातला. तीच टोपी घालून मामाच्या गावाला मुंबईला किंवा पणजीला गेलात तर दमट हवेत घाम नीट वाळत नाही आणि पंखा नुसता गुणगुणत बसतो. आपल्याकडचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर कोकणात का चालत नाही, त्याचेही उत्तर हेच. आणि आपले आजोबा उन्हात जाताना डोक्याला ओले उपरणे का गुंडाळत, त्याचेही हेच. आजोबांच्या टोपीला सेल लागत नव्हते एवढाच फरक.

शहाण्यांच्याही टोप्या

कोणी म्हणेल, हा सारा पोरखेळ आहे. असेल. पण हा खेळ भलीभली माणसे खेळली आहेत. १८९६ साली अमेरिकेत जेम्स बॉइल नावाच्या गृहस्थाने चक्क आपोआप नमस्कार करणाऱ्या टोपीचे पेटंट घेतले. हातात सामान असले तरी हरकत नाही. मान जरा झुकवली की आतले वजन हले, किल्लीचे यंत्र सुटे, टोपी वर उचलली जाई, फिरे आणि पुन्हा डोक्यावर बसे. लोलक, कमान आणि दातेरी चाके यांचा सुरेख मेळ! आपल्याकडे मात्र हे यंत्र खपले नसते. त्यांच्याकडे टोपी उतरवणे हा मान, आपल्याकडे पगडी उतरणे हा अपमान. लग्नाच्या मांडवात व्याह्यांसमोर मान झुकवताच पगडी आपोआप उडाली असती तर केवढा अनर्थ झाला असता, याची कल्पना करा. विज्ञान सगळीकडे एकच असते, पण टोपी कुठे उचलायची ते गावावर ठरते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. डोक्यावर चकचकीत ॲल्युमिनियमच्या पत्र्याची टोपी घातली की सरकारला आपले विचार वाचता येत नाहीत, असे समजणारी काही मंडळी पाश्चात्त्य देशांत आहेत. २००५ साली अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेतल्या काही विद्यार्थ्यांनी अशा टोप्या करून डोक्यांवर चढवल्या आणि उपकरण लावून रेडिओलहरी मोजल्या. निबंधाचा सूर थट्टेचा होता, मोजणी मात्र खरी होती. बऱ्याच लहरी थोड्याफार अडल्या, पण १.२ आणि २.६ गिगाहर्ट्झच्या आसपास त्या उलट वाढल्या! ज्या टोपीने लहरी रोखायच्या, तीच काही लहरींना बळ देत होती. समजूत एकीकडे आणि मोजणी दुसरीकडे, हे मुलांना दाखवायला याहून मजेदार उदाहरण नाही.

जिच्यावर हसू नये अशी टोपी

आणि आता एक अशी वस्तू, जी टोप्यांच्या फेरीत कधीच येत नाही. चुंबळ. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बायका डोक्यावर जुन्या लुगड्याचे कडे करून ठेवतात ती. माझ्या मते डोक्यावर ठेवायच्या सगळ्या वस्तूंत पदार्थविज्ञान सर्वांत चोख वापरले आहे ते हिनेच. हंड्याचे बूड गोल, डोकेही गोल. दोन गोल वस्तू थोड्याशाच जागेत टेकतात. पंधरा किलोचा हंडा पाच चौरस सेंटिमीटरवर टेकला तर दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोचा भार येतो. तोच चुंबळीने ऐंशी चौरस सेंटिमीटरवर पसरला की भार सोळापट कमी होतो. शिवाय हंडा घरंगळत नाही. हे पेटंट कोणत्याही कार्यालयात नोंदलेले नाही.

डोक्यावरून ओझे वाहण्याचे कसबही साधे नाही. १९८६ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात केनियातल्या किकुयू आणि लुओ स्त्रियांवरील अभ्यास छापून आला. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे ओझे डोक्याच्या आधारावर घेऊन चालताना त्यांना रिकाम्या चालण्यापेक्षा जास्त प्राणवायू लागत नव्हता. थर्माकोलच्या मुकुटाबरोबर एखाद्या मुलीने चुंबळ आणली आणि हा हिशेब मांडला, तर पहिले बक्षीस तिलाच द्यावे असे मला वाटते.

मग करायचे काय?

फार काही नको. फेरीत भाग घेणाऱ्या प्रत्येक मुलाने टोपीसोबत एक पोस्टकार्डाएवढा कागद आणावा. त्यावर चार ओळी असाव्यात: माझी टोपी काय करते, ती किती करेल असा माझा अंदाज होता, मी कसे मोजले आणि किती भरले. मोजायला प्रयोगशाळा नको. स्वयंपाकघरातला वजनकाटा, शिवणाची टेप आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. अंदाज चुकला तर गुण कापू नयेत, उलट चूक कुठे झाली ते सांगितले तर दोन गुण जास्त द्यावेत. बक्षीस सगळ्यांत झगमगीत टोपीला न देता सगळ्यांत नीट समजावून सांगितलेल्या टोपीला द्यावे. त्याने आयांची झोपही वाचेल, कारण झगमगाट आई करून देऊ शकते, पण व्यासपीठावर उत्तर मुलालाच द्यावे लागते.

आणि ते उत्तर मुलांनी मराठीत द्यावे, एवढी एक हौस. आपली मुले विज्ञान शिकतात हिंदीत किंवा इंग्रजीत आणि मराठी बोलतात ती 'जेवायला वाढ' आणि 'चप्पल कुठे आहे' एवढ्यापुरती. रोध, दाब, भार, वेग हे शब्द घरात ऐकूच येत नाहीत. जेवताना टोपीवरून वाद घातला तर ते आपोआप जिभेवर येतील.

यात खरे पणाला काय लागले आहे, तेही सांगतो. स्मरणशक्ती वाढवणारी चुंबकाची टोपी, डोकेदुखी ओढून घेणारा पट्टा, अभ्यास सोपा करणारे कडे... असल्या वस्तूंच्या जाहिराती आपल्या मुलांना जन्मभर भेटणार आहेत. तिथे तिसरा नियम तोंडपाठ असून उपयोग नाही. 'किती? कशाने? मोजले का?' हे तीन प्रश्न जिभेवर हवेत. ज्याला टोपीचा हिशेब करता येतो, त्याला सहजासहजी कोणी टोपी घालू शकत नाही.

तेव्हा पालकहो, पुढच्या वर्षी घरातले शेंडेफळ पात्याची टोपी घालून 'मी उडेन का?' असे विचारायला आले, तर हातातले वर्तमानपत्र खाली ठेवा आणि वजनकाटा काढा. टोपी उडाली नाही तरी चालेल. प्रश्न मात्र उडवून लावू नका!